साध्या खोलीतला माणूस

४ मार्च

वन्सं,

एरवी मी तुम्हाला ताई म्हणते. आज ते हातून उतरत नाही, तेव्हा वन्संच.

फोन केला नाही, कारण फोनवर माझा आवाज आपोआप गोड होतो. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घशाला तशी खोडच लागली आहे. समोरच्यानं आईबाप काढले तरी माझ्या तोंडून 'आपली गैरसोय झाली, क्षमस्व' एवढंच निघतं. तुमच्याशी मला तसं बोलायचं नाही. म्हणून कागद घेतला.

काल सुटी होती, आमच्या सायकलच्या दुकानात बसले होते. एक गिऱ्हाईक आलं, ट्यूब बदलायला. हल्ली दुकान बघणारा शेजारचा वेल्डिंगवाला चाक उघडत होता, तेवढ्यात त्या गिऱ्हाइकानं फोन माझ्यासमोर धरला. "वहिनी, हे आपले सायकलवालेच ना?" बघते तर तुमचा भाऊ. हॉस्पिटलच्या बोळातून, भिंतीला न धरता चालतोय. आणि मागून तुमचा आवाज, बातम्या देतात तसा. "या रुग्णाला कोणतंही विशेष वातावरण दिलेलं नव्हतं. साध्या खोलीत राहून, केवळ मूळ पेशींच्या उपचारावर तो आज चालतो आहे, बोलतो आहे."

गिऱ्हाईक म्हणालं, "नशीब काढलंत. एका सुईत काम झालं."

मी विचारलं, "हवा किती भरू?" दुसरं काही बोलले असते तर त्या बिचाऱ्याला उगाच ऐकून घ्यावं लागलं असतं.

एका सुईत! छताच्या हुकाला सायकल टांगताना शिडी सरकली आणि तो डोक्यावर पडला, तेव्हापासूनचं सगळं आपल्याला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तुमच्याकडे फाइल आहे. तुम्ही त्याला तुमच्या अभ्यासात घेतलंत, ते उपकार मी नाकारत नाही. कमरेच्या हाडातून मगज काढला, त्यातल्या पेशी तुमच्या लोकांनी वाढवल्या आणि मणक्यातून परत सोडल्या. इथवर सगळे रुग्ण सारखेच. मग कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्यांना रोज दुपारभर तो मोठा हॉल, ज्याच्या दारावर तुम्ही 'समृद्ध परिसर' अशी पाटी लावलीत. अर्ध्यांना साधी खोली, पलंग, ट्यूबलाइट आणि सकाळचा ठरलेला व्यायाम. तुमच्या भावाला साधी खोली निघाली.

तेव्हा तुमच्याच माणसांनी सांगितलं होतं, अभ्यास संपला की साध्या खोलीवाल्यांनाही हॉल मिळेल. त्या शब्दावर लोक थांबले. कोपऱ्यातल्या खोलीतली ती कॉलेजची पोरगी अजून थांबलीय. तिचा बाप रोज विचारतो, आमचा नंबर कधी. आणि परवा हॉलच्या दारावर नोटीस लागली. अभ्यासात फरक आढळला नाही, सबब विभाग एप्रिलअखेर बंद.

फरक आहे. मला कसं माहीत ते विचारू नका. तो व्हिडिओ काढून टाका आणि हॉल उघडा ठेवा.

आणखी एक. तुम्ही तिकडून एकदाही त्याला बघायला आला नाहीत. म्हणालात, अभ्यास माझा आणि रुग्ण माझा भाऊ, मी जवळ आले तर निकालावर बोट ठेवतील. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, बरं. पण त्याच नियमानं त्याचा चेहरा जगभर दाखवायला मात्र हरकत नाही, असं दिसतंय.

तुमची भावजय


१९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वर संस्थेचं चिन्ह, खाली तुमची सही, आणि मधे मी 'भावनेच्या भरात' लिहिलं असं. बरोबर उंदरांचे दोन फोटो.

मला समजेल अशा भाषेत समजावलंत, त्याबद्दल आभार. एका खोक्यात नुसता भुसा. दुसऱ्यात चाक, बोगदे, शिड्या आणि सोबतीला आणखी उंदीर. डोक्याला मार लागलेले, पेशी टोचलेले उंदीर दुसऱ्या खोक्यात जास्त सुधारतात. मेंदूला काम मिळालं, सोबत मिळाली, तर नवीन पेशी रुजतात. हे तुम्हीच लिहिता. आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिता, की माणसांत मात्र तसं दिसलं नाही, आणि 'याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे तुझा नवरा.'

तर ऐका. माझा नवरा तुमच्या साध्या खोलीत नव्हता.

पहिले काही दिवस होता. तेव्हा मी सकाळपाळी घेतली होती, रोज दुपारी कामावरून सुटून यायचे तर हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. झोपलेला नाही, नुसता पडलेला. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याच्याकडे बघत. हाक मारली तर पापणी हलायची, बस. दुकानात एका वेळी चार माणसांशी भांडणारा माणूस. मी त्याला अरे-तुरे करते हे तुम्हाला लग्नातही खटकलं होतं. त्या खोलीत मी त्याला 'अरे ऊठ ना' म्हणून म्हणून थकले, तो कशालाच उठत नव्हता.

समोरच्या खोलीत मास्तर होते. शाळेत गणित शिकवायचे, बसच्या धक्क्यानं पडले होते. त्यांना हॉल निघाला होता. रोज त्यांना चाकाच्या खुर्चीतून तिकडे न्यायचे आणि रोज ते कान दाबून ओरडत परत यायचे. आवाज, उजेड, माणसं, काहीच सहन होईना त्यांना. दोनदा ओकले. त्यांची आई पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी माझ्या शेजारी उभी राहिली.

"तुमचा काय करतो?"

"भिंत बघतो."

"माझा त्या बाजारात जीव द्यायला निघतो," ती म्हणाली. "यंत्रानं चिठ्ठ्या उलट्या काढल्यात."

"डॉक्टरांना सांगू या का?"

"सांगितलं. म्हणाले, बदलता येत नाही, नाही तर अभ्यास बिघडतो." तिनं बाटली भरून घेतली, टोपण लावलं. "आपण सुलट्या करू."

"पकडलं म्हणजे?"

"मला कुठल्या शाळेतून काढणार आहेत?"

वन्सं, तुमच्या हॉस्पिटलात माणूस ओळखतात तो मनगटावरच्या पट्टीवरून. दोघांचीही डोकी भादरलेली, दोघांचे कपडे एकाच निळ्या रेघांचे, दोघंही गप्प. दुपारी वॉर्डात एकच सिस्टर असायची. तिनं पाहिलं असेल तर पाहिलं, बोलली नाही. आम्ही रोज जेवणानंतर पट्ट्या बदलायचो आणि संध्याकाळी परत. हॉलमधल्या बाई त्याच आठवड्यात नव्यानं आल्या होत्या, आणि त्यांना फाइल बघायची परवानगी नव्हती. हा नियमही तुमचाच, त्यांचं मन आधीच बनू नये म्हणून. त्यांच्यासाठी माझा नवरा पहिल्यापासून मास्तरच होता. चौथीत दोनदा बसलेला माणूस तीन महिने मास्तर म्हणून वावरला. पुढे बोलायला लागल्यावर त्याला ते आवडायलाच लागलं. घरी मलाही 'मास्तर म्हण' म्हणायचा.

तो हॉल तुम्ही कागदावर आखलात. आत बसून कधी बघितलात का? त्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असायची. ती वाजली की जो जिथे असेल त्यानं तिथून उठून दुसरीकडे जायचं. आज जिथे माशांची टाकी, तिथे उद्या पायऱ्या. एका फळीवर नुसत्या कड्या, कोयंडे, कुलपं. वाळूच्या पिशव्या इकडून तिकडे न्यायच्या, त्याही दोघांनी मिळून, म्हणजे एकानं हात सोडला तर दुसऱ्यानं बोंब मारायची. शिट्टीवाली कुणाला बसू द्यायची नाही. पहिले दोन आठवडे तुमचा भाऊ तिच्याकडे सासूकडे बघावं तसा बघायचा. पण बघायचा. भिंतीकडे नाही.

एका कोपऱ्यात जमिनीला ठोकलेली सायकल होती, पाय मारायला. एका दुपारी ह्याला तिच्यावर बसवलं. हा बसेना. खाली वाकून मागच्या चाकाकडे बघत राहिला. उजव्या हातानं ते फिरवलं, कान लावला, परत फिरवलं. आणि पडल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलला.

"कुठल्या गाढवानं बसवलंय हे चाक?"

शिट्टीवालीनं तोंडातली शिट्टी काढली. "मास्तर, तुम्हाला सायकलीतलंही कळतं?"

मी दारात उभी होते. हसू की रडू ते ठरेना, म्हणून पाणी प्यायला गेले.

त्यानंतर रोज तो ते चाक सरळ करायचा. चाकाच्या ताणी, म्हणजे तारा, पकडायचा पाना उजव्या हातात, आणि डावा हात नुसता ताणीवर ठेवलेला, कारण शिट्टीवाली तो काढू द्यायची नाही. "तोही पगारी आहे," म्हणायची. रोज चाक जरा सरळ व्हायचं आणि रोज संध्याकाळी ती बाई मुद्दाम दोन ताणी ढिल्या करून ठेवायची. त्याला कळत नव्हतं असं नाही. तिच्या नावानं खडे फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसायचा.

आणि मास्तर? ते माझ्या नवऱ्याच्या पट्टीनं तुमच्या साध्या खोलीत पडदा लावून पडायचे. पण नुसते नाही. त्यांच्या आईनं घरच्या कपाटातून मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका आणल्या. हळू आवाजात एकेक गणित वाचायची. चूक आली की मास्तरांचं बोट पलंगाच्या कडेवर आपटायचं. सात आठे चोपन्न असं कुणी पोरानं लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी पूर्ण हात उचलला. त्यांचं तोंड उघडलं ते 'छप्पन' म्हणायला.

तुमचे बाहेरचे तपासनीस दर महिन्याला यायचे, तेव्हा पट्ट्या ज्याच्या त्याच्या हातात असायच्या. त्यांनी लिहिलं, साध्या खोलीतला सुधारला, हॉलमधलाही सुधारला, फरक नाही. इतक्या कमी माणसांच्या अभ्यासात एवढी अदलाबदल पुरली असणार.

पेशींनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. केलंही असेल. पण ते मला ठाऊक नाही तसंच तुम्हालाही ठाऊक नाही, आणि तुम्ही ते छातीठोक सांगत फिरताय. आमच्यामुळे तुमचा अभ्यास बिघडला, हे खरं. अभ्यास तुमचा होता, नवरा माझा. परत वेळ आली तर परत करीन.

आता कळलं ना. दुरुस्त करा.

तुमची भावजय


६ एप्रिल

वन्सं,

परवा तुमचा फोन आला. तुम्ही रडलात. मी तुम्हाला कधी रडताना ऐकलं नव्हतं. आणि मी काय म्हटलं? 'क्षमस्व.' फोन ठेवल्यावर स्वतःचीच इतकी चीड आली की कपड्यांचा ढीग इस्त्रीला घेतला आणि तुमच्या भावाच्या चांगल्या शर्टाची कॉलर जाळून ठेवली.

फोनवर मी सगळ्याला 'बरं' म्हणाले. ते आता कागदावर लिहिते, म्हणजे मी कशाला बरं म्हणाले ते मलाही दिसेल.

तुम्ही म्हणालात, पेशींचा दुसरा डोस मे महिन्यात आहे. तो फक्त अभ्यासातल्या रुग्णांना, ज्यांच्या बाबतीत नियम मोडलेला नाही त्यांनाच. अदलाबदल बाहेर आली तर माझा नवरा बाद, मास्तरही बाद. म्हणालात, डोस होईपर्यंत तोंड उघडू नकोस, नंतर बघू. म्हणालात, "तुझ्या नवऱ्याचा डावा हात परत यायची ही एक वाट आहे, ती तुझ्या हट्टापायी बंद करशील?"

नंतर म्हणजे कधी, वन्सं? हॉल याच महिन्यात बंद होतोय. त्या वाळूच्या पिशव्या भंगारात गेल्यावर?

आणि एक गंमत बघा. व्हिडिओत तो 'रुग्ण' असतो. फोनवर 'तुझा नवरा' असतो. तुमचा भाऊ नक्की कुठे असतो?

तो डावा हात तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून सांगते. खांद्यापासून कोपरापर्यंत आला आहे. बोटं मिटतात, पण आपण काय धरलंय ते त्याला कळत नाही. गरम कप धरून ठेवला, कातडी भाजली तरी माझ्याशी बोलतच होता. शर्टाची बटणं मी लावते आणि तो दुसरीकडे बघतो. तेव्हा मला डोस नकोय असं समजू नका. मला तो इतका हवाय की तुम्ही पुढे काही बोलायच्या आधीच मी 'बरं' म्हणून गेले होते. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर तुम्ही डोसचं नाव काढलंत. तक्रार घेणाऱ्यांनाही हे शिकवतात. गिऱ्हाईक फार तापलं की त्याला काहीतरी देऊ करा.

रविवारी मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या आईला न सांगता ठरवणं बरं नव्हतं. दोन खोल्या, सगळे पडदे ओढलेले, रेडिओवर कापड टाकलेलं. मास्तर खुर्चीत बसून शेजारच्या मुलांच्या वह्या तपासत होते. हळू, पण तपासत होते. मी सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "म्हणजे सुई हवी तर गप्प बसा."

"हो."

"आणि ती कोपऱ्यातल्या खोलीतली पोरगी?"

मी मास्तरांच्या वह्यांकडे बघायला लागले.

"तिच्या बापाला तुम्ही सांगणार का मी सांगू, की आमच्या दोघांचं भागलं, आता तुमचं तुम्ही बघा?"

"मावशी, तुमच्या मुलाचाही डोस जाईल."

"ते मला कळतंय हो. म्हातारी झाले, वेडी नाही झाले." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला विचाराल तर मलाही सुई हवीच आहे. मला विचारूच नका."

मास्तरांनी वहीतून मान वर केली. शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो. "उत्तर... जमतंय," ते म्हणाले. "रीत खोटी. अशा उत्तराला मी... शून्य देतो."

"कुणाला शून्य, मास्तर? मला का वन्संना?"

"पेपर कुणाचाही असो."

मी घरी आले. तुमच्या भावाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तेरा तारखेला पाहुण्यांसमोर त्याला चालून दाखवायचं आहे, तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय, एवढंच त्याला माहीत. तो व्हिडिओसुद्धा मी त्याला दाखवलेला नाही.

मी गप्प राहीन. डोससाठी. पण तुम्ही मला कुठे आणून बसवलंत ते मी विसरणार नाही. तुमच्या भावाला तपासायला नेताना त्या पोरीचा बाप हॉस्पिटलच्या जिन्यात भेटला की हल्ली मी पायाकडे बघत उतरते. तुमच्या नियमांच्या यादीत याला काही नाव असेल तर कळवा.

तुमची भावजय


२२ एप्रिल

वन्सं,

मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला कळवलं असेल, की रुग्णाचा ऐनवेळी गोंधळ झाला. गोंधळ झाला नाही. काय झालं ते मी सांगते, मी तिथे होते.

भिंतीएवढ्या पडद्यावर तिकडून थेट तुम्ही होतात. तुमचा भाऊ चालला, वळला, पायरी चढला, उतरला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्यानं पडद्याकडे बघून हात केला, उजवा. तुम्ही तेव्हा कुणाचं तरी नाव घेऊन आभार मानत होतात, तुमच्या लक्षात आलं नाही. मग तो व्हिडिओ लावला, तुमच्या आवाजातला. तो त्यानं तिथे पहिल्यांदा पाहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सायकल दुरुस्त करून द्यावी आणि गिऱ्हाइकानं दुसऱ्याच दुकानाचं नाव सांगावं, तेव्हा तो असा बघतो.

पडदा बंद झाला. पाहुण्यांपैकी एक बाई खरंच कुतूहलानं म्हणाल्या, "मग दिवसभर त्या खोलीत तुम्ही करत काय होता? कंटाळा नाही यायचा?"

"खोलीत नव्हतो," तो म्हणाला.

मी त्याची बाही ओढली. त्यानं सोडवून घेतली.

"हॉलमध्ये होतो. रोज. चाक सरळ करत होतो."

मोठे डॉक्टर हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हे असं होतं. मेंदूला मार लागला की आठवणीतल्या मोकळ्या जागा तो स्वतःच भरून काढतो. रुग्ण खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटतं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या बाई तर इतक्या मायेनं त्याच्याकडे बघायला लागल्या, की माझ्या डोक्यात सणक गेली. तुमच्या यशाचा नमुना म्हणून त्याचं डोकं शाबूत. तोंड उघडलं की फुटकं.

तरी मी गप्प होते, वन्सं. शपथेवर सांगते, मी तेव्हाही डोसचाच विचार करत होते.

तो म्हणाला, "शिट्टीवाल्या बाईंना विचारा."

ती मागे दाराशी उभी होती, हॉल दाखवायचा म्हणून किल्ल्या घेऊन. सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "मास्तर रोज असायचे की. दुपारभर."

"हे मास्तर नाहीत," मोठे डॉक्टर म्हणाले.

"अहो, हेच मास्तर."

"बाई, हे सायकलवाले. मास्तर वेगळे."

तिनं तुमच्या भावाकडे नीट बघितलं, मग डॉक्टरांकडे. "मग माझ्याकडे तीन महिने कोण होतं?"

पाहुण्यांना चहाला नेलं. आम्हा दोघांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये. दार लावून डॉक्टर अगदी नरम आवाजात बोलले. माझ्याच धंद्यातला आवाज, लगेच ओळखला. "हे बघा, मला कुणाचं नुकसान करायचं नाही. तुमचा गोंधळ झाला, एवढंच म्हणा. त्या बाईंचाही झाला असेल. डोस ठरल्याप्रमाणे देऊ."

मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं. म्हणणारच होते.

"गोंधळ नाही," तुमचा भाऊ म्हणाला.

"घाई करू नका. तुमच्या डाव्या हाताचा प्रश्न आहे."

त्यानं उजव्या हातानं डावा उचलला आणि टेबलावर ठेवला, डॉक्टरांच्या पेनांच्या डब्याशेजारी. "हा ना? माझाच आहे. केला विचार."

बस. दोघंही अभ्यासातून बाद, तो आणि मास्तर. मे महिन्याचा डोस नाही. मास्तरांच्या आईला मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, मला विचारलं नाहीत." मग आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. केबिनमधून निघालो, जिना उतरताना मला आवरेना. इतके दिवस तुमच्यावर साठवलेलं सगळं त्याच्यावर काढलं. जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. म्हटलं, तुला कुणी विचारलं होतं? नुसतं हो म्हणायचं होतं. बटणं मी लावायची, जेवण मी चिरून द्यायचं, आणि खरं बोलायची हौस तुझी? तुझ्या बहिणीनं तुला वापरलं, डॉक्टरांनी वापरलं, तर आपणही एक डोस पदरात पाडून घ्यायचा होता. काय मिळालं तुला?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कठड्याला टेकून उभा राहिला आणि सावकाश बोलला. त्याला सावकाशच बोलता येतं.

"तीन महिने घाम मी गाळला. ती शिट्टी... ती बाई किती छळायची. मला रडवलं तिनं दोनदा, तुला सांगितलं नाही. आणि वर म्हणतात, साध्या खोलीत पडून होता, सुईनं केलं."

"अरे, सुईनंही केलं असेल."

"असेल की. मी कुठे नाही म्हणतो? पेशींनी केलं असेल, तिनं केलं असेल, तू केलंस." तो थांबला. एक माणूस पिशवी घेऊन वर जात होता, त्याला वाट दिली. "पण मी पण होतो ना तिथे."

आम्ही उरलेला जिना उतरलो. माझा राग अजून गेलेला नाही, ना तुमच्यावरचा ना त्याच्यावरचा. आज सकाळी बटणं लावताना परत भांडलो.

हॉलचं काय होणार ते इथे कुणी सांगत नाही. दाराला कुलूप आहे, पण दारावरची नोटीस काढून टाकलेली आहे. म्हणतात, अहवाल तुमच्याकडे आहे, तो मागे घ्यायचा की तसाच पुढे पाठवायचा ते तुम्ही ठरवणार. त्या पोरीच्या बापाला मी खरं ते सगळं सांगितलं. तोही तुम्हाला लिहिणार आहे. माझ्यासारखं भावजयीनं लिहावं तसं नाही लिहिणार तो.

तुम्ही काय ठरवाल ते मला कळवू नका. आजवर तुम्ही त्याच्याबद्दल मलाच लिहीत आलात. या वेळी त्याला लिहा. वाचायला वेळ लागतो त्याला, ओळीवर बोट ठेवून वाचतो. पण वाचतो.

तुमची भावजय